अनुदान आणि हंगाम



उरण तालुक्यातील करंजा आणि वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) या दोन नावांत केवळ एका कान्याचे अंतर आहे. पहिले गाव समुद्रकाठचे, मासेमारीचे; दुसरे नागपूर-अमरावती महामार्गावरील, संत्री आणि कापूस पिकविणाऱ्या तालुक्याचे. तथापि शासकीय अनुदानाचा प्रश्न दोन्हीकडील लहान माणसापुढे एकाच रूपात उभा राहतो : आधी खर्च, मागाहून अनुदान. किनाऱ्यावरील नौकाधारक डिझेल पूर्ण किमतीस घेतो आणि त्यावरील कराचा परतावा त्यास नंतर मिळतो. कारंजाचा शेतकरी आधी तळे खोदतो. मोजमाप व पाहणी झाल्यावर रक्कम त्याच्या खात्यात जमा होते.

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत गोड्या पाण्यातील मत्स्यपालनासही स्थान देण्यात आले. नव्या संवर्धन तळ्याचा खर्च हेक्टरी 7 लाख रुपये धरण्यात आला. सर्वसाधारण लाभार्थीस 40 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना व महिलांना 60 टक्के अनुदान ठरविण्यात आले. म्हणजे अर्ध्या हेक्टरच्या तळ्यास साडेतीन लाखांचा खर्च. महिलेस अनुदान 2 लाख 10 हजार आणि तिचा स्वतःचा वाटा 1 लाख 40 हजार. कागदावर हे गणित सुलभ दिसते. परंतु अनुदान हाती येईपर्यंत त्या रकमेचीही तजवीज तिलाच करावी लागते. जिच्यापाशी ती नाही, तिच्यासाठी साठ टक्के आणि चाळीस टक्के यांत फरक उरत नाही.

दुसरी अडचण सातबाराची आहे. सवलत महिलेस अधिक. पण शेत बहुधा पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावे. वर्षाला 6 हजार रुपये देणारी पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना 2019 साली आली. तीत आधी खर्च करावा लागत नाही. दोन-दोन हजारांचे तीन हप्ते थेट बँकेत जमा होतात. मात्र तिचाही आधार जमिनीची नोंद हाच आहे. ठेक्याने शेती करणारा आणि जलाशयावर जाळे टाकणारा भूमिहीन भोई तिच्या कक्षेबाहेर राहतो.

22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, वीजदर आणि विमा यांबाबत मत्स्यपालकास शेतकऱ्याच्या बरोबरीने वागविण्याचे हे पाऊल स्वागतार्ह होय. त्याचा लाभ मत्स्यपालकाच्या दारापर्यंत पोहोचविणे हे मात्र गावाचे व तालुक्याचे काम आहे.

तळे उन्हाळ्यात खोदून झाले तरच ते पावसाळ्यात भरते. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज पावसाळ्यात सोडले तरच उन्हाळ्यापूर्वी मासा विक्रीयोग्य होतो. पाऊस कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाही. पाहणी लांबली आणि हप्ता दिवाळीनंतर आला, तर रक्कम मिळूनही वर्ष वाया जाते; मधल्या काळातील सावकाराचे व्याज वेगळेच.

म्हणून काही गोष्टी अगत्याने व्हावयास हव्यात. ग्रामसभेत लाभार्थींची नावे वाचताना अर्जाची, पाहणीची आणि रक्कम जमा झाल्याची तारीखही वाचली जावी. विलंब कोठे झाला ते त्यातून सर्वांस कळेल. तलाठ्याच्या साहाय्याने पतीपत्नीच्या संयुक्त नोंदी व्हाव्यात. मत्स्यबीज व खाद्य यांच्या खर्चासाठी किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालकासही मिळते, ही माहिती बँकेइतकीच शाळेतूनही घरोघरी जावी. पक्क्या पावत्या जपून ठेवणे आणि बँक खाते आधारशी जोडणे यांत शिक्षकांनी केलेले थोडे साहाय्य पुष्कळ खेपा वाचवील. तळ्यांची मोजणी पावसापूर्वी पूर्ण करण्याचा संकल्प अधिकाऱ्यांनी करावा.

अनुदान किती वाटले हा हिशेब दरवर्षी होतो. ते हंगामात पोहोचले काय, हा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे.