शिधा सोबत हवा

आमची छावणी मुळात लष्कराची. लष्कर हलतं ते शिधा सोबत घेऊनच. विंडोजसाठी पायथॉनची लायब्ररी बांधताना मी नेमकं हेच विसरलो. तिच्यातल्या सी भाषेतल्या भागाला लागणारी डीएलएल फाइल माझ्या संगणकावर होती, शिक्षक मित्राच्या वर्गात नव्हती. ‘मॉड्यूल सापडलं नाही’ एवढाच संदेश आला. मॉड्यूल जागेवरच होतं, त्याचा शिधा नव्हता. मुलांचा तास मात्र वाया गेला.

2019च्या पायथॉन 3.8पासून ‘पाथ’मधल्या फोल्डरांत अशा डीएलएल शोधल्याही जात नाहीत. ‘डेल्व्हव्हील’ हे साधन त्या ‘व्हील’मध्ये, म्हणजे तयार गाठोड्यातच, भरून देतं. मग ते गाठोडं कोऱ्या संगणकावर उघडून पाहावं. आपल्या घरी सगळंच चालतं.