मुक्या सोबत्याचा निरोप

आजचा विषय मीं आपण होऊन निवडलेला आहे, आणि तो फारसा आनंदाचा नाहीं. ज्यांच्या घरीं म्हातारें वा दुखणाईत कुत्रें-मांजर आहे, त्यांच्यासाठीं मुख्यतः हें भाषण आहे. दुखणें बरें होणारें नाहीं असें पशुवैद्यानें सांगितलें, पण जनावर तर अजून आपल्याकडे पाहून शेपूट हालवितें. अशा वेळीं त्याला निरोप द्यावा कीं न द्यावा, आणि द्यावयाचा तर केव्हां, हा तो प्रश्न.

आमच्या चिंचवडकडे पूर्वीं हा प्रश्न सहसा कोणास पडत नसे. चिखली, मोशी, चाकण इकडच्या वस्त्यांवरचें कुत्रें दाराशीं असे, घरांत नसे. थकलें कीं तें एके दिवशीं उठून कोठें उसांत वा ओढ्याकाठीं जाई, तें परत येत नसे. बैल म्हातारा झाला कीं पुष्कळजण त्याला बाजाराची वाट दाखवीत, म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या गळ्यांत घालीत. त्यांत मोठी दया होती असें मी म्हणणार नाहीं. आतां शेतें गेलीं, कारखाने आले, आणि कुत्रें सातव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत कोचावर बसूं लागलें. शिवाय औषधें आलीं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन ही आमच्या गांवची वस्तु झाली. जें जनावर एके काळीं चार दिवसांत गेलें असतें, तें आज सलाइनवर नि गोळ्यांवर चार महिने राहतें. आयुष्य लांबविण्याची शक्ति हातीं आली. तें कोठवर लांबवावें हें ठरविण्याचें ओझेंही तिच्याच पाठोपाठ आलें.

आपल्या देशांत ह्या बाबतींत दोन विचार फार दिवसांचे आहेत. एक पांजरपोळाचा. मुंबईंत भटकीं कुत्रीं मारलीं जात, त्यावरून १८३२ सालीं मोठा दंगा झाला, आणि दोनच वर्षांनीं जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें तेथें पांजरपोळ निघाला. जीव आपण देऊं शकत नाहीं, म्हणून घेऊंही नये. नैसर्गिक मरण येईपर्यंत दाणापाणी घालावें, ही त्यामागची श्रद्धा. तिला हंसणाऱ्यांतला मी नव्हें. ज्या मुलुखांत ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधि आळ्याला आजही लोक भक्तीनें दाखवितात, तेथें जनावराच्या जिवाला किंमत आहे, हें कोणी शिकवावयास नको.

दुसरा विचार १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत पुढें आला. तेथें एक वासरूं असाध्य दुखण्यानें पडलें होतें. कूस बदलतांनाही त्याला यातना होत. पशुवैद्यानें हात टेकले. गांधींनीं आश्रमीयांशीं चर्चा करून त्याला विषाचें इंजेक्शन देवविलें. गाईचें वासरूं, आणि मारविणारा अहिंसेचा पुरस्कर्ता! देशभर काहूर उठलें; संतापाचीं पत्रें आलीं. गांधींनीं माघार घेतली नाहीं. आपल्या कृत्याची मीमांसा त्यांनीं ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ ह्या पत्रांतून केली, आणि पुढें चार अटी सांगितल्या. रोग असाध्य असावा. संबंधित सर्वांनीं आशा सोडलेली असावी. कोणतीही सेवा वा मदत उपयोगी पडण्याची शक्यता उरलेली नसावी. आणि रोग्यास आपली इच्छा सांगतां येणें अशक्य असावें. ह्यांपैकीं एक जरी अट पुरी होत नसेल, तरी जीव घेणें अहिंसेच्या दृष्टीनें समर्थनीय नव्हे.

मला ह्यांतली तिसरी अट सर्वांत महत्त्वाची वाटते. सेवेनें दुःख हलकें होत आहे तोंवर सुईची भाषा नको. वेदना शमविणारीं औषधें, मऊ अंथरूण, हातानें भरविणें, हें सर्व करून पाहिल्यावांचून ‘आतां सुटका करूं’ म्हणणें ही घाई होय. पण सेवा करणाऱ्याचे हात चालूं आहेत आणि सोसणाऱ्याला त्याचा कांहींच उपयोग नाहीं, अशी वेळ येते. ती ओळखावी कशी?

जनावर दुखणें लपवितें, ही खरी अडचण. मांजर वेदनेंतही घुरघुरतें. शेपटीवर विसंबूं नये. धन्याचा आवाज ऐकून ती शेवटच्या दिवशींही हालेल. अ‍ॅलिस व्हिलालोबस नांवाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनीं २००४ सालीं एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. वेदना, भूक, शरीरांतलें पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षां चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहींत, असे सात विषय. प्रत्येकास दहा गुण. सत्तरांपैकीं पस्तिसांहून अधिक असले तर जगणें सुसह्य समजावें. गुण देण्यांत माझा जन्म गेला, म्हणून एक सांगतों. बेरजेवर भिस्त ठेवूं नका. आमच्या परीक्षेंत गणितांत नापास झालेल्या मुलाला मराठीचे गुण तारीत नसत. श्वास हा विषय बाईंनीं वेदनेंतच धरला आहे, तो मी वेगळा तपासीन. निवांत झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तिसाच्या वर वारंवार जाऊं लागला, तर पशुवैद्याला लगेच कळवावें. ज्याला श्वास पुरत नाहीं, त्याला भुकेचे दहा गुण देऊन उपयोग काय?

आमच्या घरीं मोती होता, तेरा वर्षांचा. त्याचीं मूत्रपिंडें गेलीं. ह्या रोगांत लबाडी अशी, कीं रक्ताच्या नेहमींच्या तपासणींत दोष दिसूं लागतो तेव्हां सुमारें तीनचतुर्थांश काम आधींच बंद पडलेलें असतें. तहान वाढली, मग ओकाऱ्या, मग तोंडांत व्रण. माझी पत्नी वारकरी घराण्यांतली. ‘ह्या घरांत तें इंजेक्शन यावयाचें नाहीं’, असें तिनें पहिल्याच दिवशीं बजावलें. मीं वाद घातला नाहीं. डॉक्टरांकडून शिकून ती रोज त्याच्या कातडीखालीं सलाइन देई, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चांगल्या दिवसाला रेघ, वाईटाला फुली करी. पहिल्या आठवड्यांत रेघाच अधिक होत्या. तिसऱ्यांत सातांपैकीं पांच फुल्या झाल्या. त्या रविवारीं नात दारांत आली तरी त्यानें मान उचलली नाहीं. पत्नी बराच वेळ दिनदर्शिकेपुढें उभी होती. मग म्हणाली, ‘अहो, डॉक्टरांना बोलवा. त्याच्यासाठीं नाहीं, आपल्यासाठीं ठेवलाय आपण त्याला.’

‘झोपेंतच जाईल’ ही आशा पुष्कळजण धरितात. कांहीं जनावरांच्या वांट्यास तें भाग्य येतें. पण मूत्रपिंडाच्या रोगांत शेवट बहुधा ओकाऱ्यांनीं, कधीं झटक्यांनीं होतो, आणि तोही रात्रीं दोन वाजतां, दवाखाना बंद असतांना. म्हणून डॉक्टरांना आधींच स्पष्ट विचारावें: ह्याचा शेवट कसा होईल? खर्चाचें बोलण्यांतही संकोच नसावा. चाकणच्या कारखान्यांत पाळी करून घर चालविणाऱ्यानें कर्ज काढून निष्फळ उपचार केले, तर प्रेम सिद्ध होतें असें नव्हे. मात्र दुखणाईत कुत्रें गाडींत घालून महामार्गावर सोडून येणें हा निरोप नव्हे. उपासमारीचे वा तहानेचे हाल होतील अशा स्थितींत सबळ कारणावांचून जनावर टाकणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे.

प्रत्यक्ष विधि ठाऊक असला म्हणजे भीति कमी होते. हें काम नोंदणीकृत पशुवैद्याचेंच. लेखी संमति घेऊन ते बहुधा आधीं गुंगीचें औषध देतात. मग शिरेंतून भूल देणाऱ्या औषधाची फार मोठी मात्रा. कांहीं क्षणांत शुद्ध जाते, मग श्वास, मग हृदय थांबतें. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा उसासा वा स्नायूंची थरथर दिसेल. तो जाणिवेचा भाग नव्हे. शक्य असेल त्यानें जवळ बसावें. ज्याला बघवत नाहीं त्याला कोणी भित्रा म्हणूं नये.

मुलांशीं बोलतांना ‘त्याला झोपविलें’ असें सांगूं नका. लहान मूल त्या रात्रीं स्वतः झोपावयास भितें. आमच्या नातीला आम्हीं ‘मोती मेला’ असेंच सांगितलें. तिनें विचारलें, ‘दुखलं का त्याला?’ ‘सुई टोचली तेवढेंच,’ असें पत्नीनें उत्तर दिलें. नातीनें त्याची पितळी घासून पुसून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीं खालच्या रखवालदाराच्या कुत्रीला ती नेऊन देऊं का, असें आजीला विचारलें. आजीनें हो म्हटलें.