कच्चे बीज आणि उबेची आढी

श्रोते हो, आंब्याची आढी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. भरलेला कच्चा आंबा गवताच्या उबेत पिकतो. कोवळी कैरी मात्र कितीही दिवस ठेवा, ती सुरकुतते, पिकत नाही. म्हशीच्या स्त्रीबीजाची गोष्टही काहीशी अशीच आहे.

वगार जन्मते तीच हजारो कच्ची बीजे घेऊन. जन्मापूर्वीच त्या बीजांचे विभाजन सुरू होते आणि अर्ध्या वाटेवर थांबते. पुढे एका माजात बहुधा एकच बीज पिकते. सोबतची बाकीची जिरून जातात. त्यातून म्हशीचा माज मुका, आणि गाभणकाळ दहा महिन्यांचा. मग आपल्या वऱ्हाडच्या नागपुरी म्हशीसारख्या काटक जातीतली एखादी उत्तम म्हैस आयुष्यात पारडी देणार तरी किती? वाया जाणारी बीजे बाहेर काढून पिकवता आली तर?

१९३५ साली पिंकस व एन्झमन यांनी सशाच्या बाबतीत दाखवून दिले, की कच्चे बीज त्याच्या फोडातून बाहेर काढले म्हणजे ते आपणहून पिकू लागते. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला; तेथे बीज आईच्या शरीरातच पिकले होते, फलन तेवढे बाहेर झाले. १९९० साली कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत प्रयोगशाळेतील फलनातून म्हशीचे पारडू जन्मले. त्याचे नाव 'प्रथम' ठेवले.

आता ही आढी लावतात कशी? साधारण २ ते ८ मिलिमीटरच्या फोडांतून बीजे घेतात. अगदी लहान फोडातले बीज म्हणजे आपली कोवळी कैरी! ऊब ३८.५ अंशांची, म्हणजे जनावराच्या अंगाइतकी. हवेत कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, त्यामुळे द्रावणाची आम्लता जागेवर राहते. द्रावणात क्षार, अमिनो आम्ले, रक्तद्रव आणि बीज पिकवणारी संप्रेरके असतात. बीजाभोवती पेशींचे दाट वेष्टन असते; ते खरवडून टाकले की बीज नीट पिकत नाही, कारण त्याचे पोषण त्या पेशींतूनच होते. वेळ २२ ते २४ तास. त्याहून फार उशीर झाला तर बीज म्हातारे होते.

म्हशीचे बीज गाईच्या बीजापेक्षा अधिक स्निग्ध असते. उघडे तूप जसे खवट होते, तसा जादा प्राणवायू या बीजाला बाधतो. म्हणून काही ठिकाणी प्राणवायू कमी ठेवतात, द्रावणात त्याला आवर घालणारे पदार्थ घालतात.

शिक्षकबंधूंनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. सूक्ष्मदर्शकातून बीजाच्या कडेला एक इवलासा गोळा सुटलेला दिसतो. केंद्रक पिकल्याची ती खूण. पण गर्भाच्या पहिल्या दिवसांची शिदोरी भोवतालच्या जीवद्रव्यात असते. तीच अपुरी राहिली, तर फळ वरून पिवळे आणि आतून आंबट! प्रयोगशाळेत पिकलेली बीजे अनेकदा येथेच कमी पडतात.

म्हणून शेतकरी बंधूंनो, उद्या कोणी हे तंत्र घेऊन तुमच्या गोठ्यात आला, तर किती बीजे पिकली एवढ्यावरच भुलू नका. म्हशी किती गाभण राहिल्या, पारडी किती उभी राहिली, हे विचारा आणि मगच पैसा मोजा. आणि एक विसरू नका. पहिली आढी म्हशीच्या पोटातच लागते. हिरवा चारा, मीठ-खनिजे, उन्हाळ्यात सावली आणि पाणी यांत कसूर झाली, तर पुढची काचेची भांडी काय करणार?