गड निवडताना आधी कुणाला विचारायचं?

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, मी सावकाश बोलते. आज हप्ता, व्याज, बँक यातलं काही नाही. आज सहलीबद्दल बोलायचंय. गटाची सहल काढताना ठिकाण कसं निवडायचं, आणि निवड चुकली तर काय होतं, ते सांगणार आहे. चूक माझीच होती, त्यामुळे सांगायला संकोच नाही.

मी फलटण तालुक्यात बचत गटांचं काम बघते. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका गटानं ठरवलं, यंदा गड बघायचा. देवदर्शन तर होतंच, पण शाळेत ज्या गडांची नावं पाठ केली ते एकदा डोळ्यांनी बघू. मी मोबाइलवर फोटो दाखवले. राजगडाचा फोटो सगळ्यांना आवडला. महाराजांची पंचवीसेक वर्षांची राजधानी, तीन माच्या, वर बालेकिल्ला. कुणी हरकत घेतली नाही. ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला, सह्या झाल्या.

पहाटे तीनला निघून गुंजवण्यात पोचलो. तिथून चोर दरवाजाची वाट धरली, कारण ती जवळची असं कळलं होतं. जवळची आहे, पण खडी आहे. वरच्या टप्प्यात कातळ, हाताला धरायला लोखंडी कठडे. बावीस जणी निघालो, वर पोचलो नऊ. बाकीच्या तेरा अर्ध्या वाटेवरून परतल्या आणि दिवसभर गावात एका ओट्यावर बसल्या. संध्याकाळी आम्ही उतरलो तर आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, “बाई, गड तुमचा होता. मी आपली डबे राखायला आले होते.”

त्या हसून बोलल्या, पण मला घरी येईपर्यंत गाडीत बोलवलं नाही. वर्गणी त्यांनीही तेवढीच भरली होती. राजगडाला पाली दरवाजाकडून रुंद पायऱ्यांची, त्यामानानं सोपी वाट आहे, हे मला नंतर कळलं. आधी विचारलं असतं तर आणखी पाच-सहा जणी वर आल्या असत्या. ठरावावर सह्या सगळ्यांच्या होत्या, पण “तुला चढवेल का?” असं मी एकीलाही विचारलं नव्हतं. आणि बैठकीत आपण होऊन “माझे गुडघे दुखतात” असं कोण सांगणार?

मग पुढच्या सहलीसाठी आम्ही वेगळी रीत धरली. तीच आज सांगते.

पहिली गोष्ट पैशाची. सहलीचा पैसा बचतीतून काढायचा नाही आणि सहलीसाठी अंतर्गत कर्जही द्यायचं नाही, हे आधी ठरवलं. वेगळी पेटी केली. दरमहा दीडशे रुपये, बारा महिने, म्हणजे एकीचे १,८०० रुपये. दोघींना दीडशे जड जात होते. त्यांनी दिवाळीत गटाच्या चकल्या-शेवेच्या ऑर्डरला जास्तीचे दिवस दिले, ती मजुरी पेटीत धरली. त्यामुळे कुणी कुणाच्या उपकारावर आलं नाही.

दुसरी गोष्ट पायांची. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. सगळ्यांच्या मोबाइलवर ती यादी फिरली. प्रत्येकीचं बोट वेगळ्या नावावर. आम्ही यादी फळ्यावर लिहिली आणि चढाईप्रमाणे तीन भाग केले.

पहिला भाग, गाडी वर किंवा वरपर्यंत जवळ जाते असे. पन्हाळा त्यातला. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, वर गावच आहे. अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं, तीन दरवाजा, सज्जा कोठी, सगळं सावकाश बघता येतं. सिंधुदुर्गही यातच धरा. मालवणहून होडीनं जायचं. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. पाण्यासाठी हंडे वाहिलेल्या बाईला ते बघून काय वाटेल, ते मी सांगायला नको. मात्र पावसाळ्यात होड्या बंद असतात.

दुसरा भाग, पायऱ्यांचे. शिवनेरी, लोहगड, प्रतापगड. दम लागतो, पण बसत बसत जाता येतं. शिवनेरीला साखळीची वाट आहे, ती सरावाच्या माणसांसाठी. आपण सात दरवाजांच्या पायऱ्यांनी जायचं.

तिसरा भाग, सवय असलेल्यांचे. राजगड आमचा अनुभवाचा. साल्हेर तर महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १,५६७ मीटर. तरुण मुलींनी जरूर जावं, पण बावीस जणींच्या मिश्र गटानं नाही.

रायगड कुठल्या भागात लिहायचा यावर वाद झाला. पायऱ्यांनी गेलात तर हजारावर पायऱ्या आहेत. रोपवेनं गेलात तर काही मिनिटांत वर. आमच्या सचिवबाई म्हणाल्या, “मग हाच आपला गड. जिला चढायचंय ती चढेल, जिला नाही ती बसून येईल, आणि वर सगळ्या एकत्र.” तिथंच निवड झाली.

पण यावेळी हात वर करून मत घेतलं नाही. आधी सगळ्यात मोठ्या बाईला विचारलं, मग गुडघेदुखीवाल्यांना, मग नुकतं ऑपरेशन झालेल्या एकीला. तरुण मुलींना शेवटी. एरवी आपण उलटं करतो. ज्यांचा आवाज मोठा त्यांचं आधी होतं.

तिसरी गोष्ट वेळेची. दोन दिवसांत आणखी काय बघायचं? मुलींनी यादी वाढवत नेली. महाबळेश्वरचे पॉइंट, पाचगणी, वाई, वाटेत बाजार. मी एकच विचारलं, गाडीत किती तास बसायचं आणि गडावर किती तास? हिशेब मांडला तेव्हा त्यांनीच चार नावं पुसली. उरले दोन गड. पहिल्या दिवशी महाबळेश्वरवरून प्रतापगड, मग आंबेनळी घाटानं पोलादपूर, महाड आणि पाचाडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी रायगड. हा घाट पावसात दरडींमुळे बंद पडतो, म्हणून जानेवारी धरला. शिवाय ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, या राज्याभिषेकाच्या दिवसांत रायगडावर प्रचंड गर्दी असते. आपल्यासारख्या सावकाश जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. आणि रोपवे चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारावं.

आता बायकांच्या दोन गोष्टी स्पष्टच बोलते. संडास कुठे आहे ते आधी विचारून घ्या. नाहीतर बायका पाणीच पीत नाहीत आणि चक्कर येऊन बसतात. दुसरं, कुणाची पाळी आली म्हणून तिला मागे ठेवू नका. गड चढायला त्याची आडकाठी नाही. पॅड पिशवीत जास्तीचे ठेवा, झालं. साडी नेसणाऱ्यांनी पायात बूट घालायला लाजू नये. आमच्या सात जणी नऊवारीवर बूट घालून गेल्या.

जानेवारीत निघालो. प्रतापगडावर भवानीची ओटी भरली. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाची भेट जिथे झाली, तो पायथा वरून बघितला. रात्री पाचाडला एका घरी जेवलो. पिठलं, तांदळाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. जेवण करणाऱ्या बाईही गटातल्याच निघाल्या, मग काय, हप्ते आणि बँकेच्या गोष्टी रात्री उशिरापर्यंत. आपला पैसा आपल्यासारखीच्याच हातात गेला. सकाळी जिजाऊंच्या समाधीला नमस्कार करून निघालो.

दहा जणी पायऱ्यांनी गेल्या, बारा रोपवेनं. आमच्या आजी छोट्या डब्यात डोळे मिटून बसल्या होत्या. वर होळीच्या माळावर सगळ्या भेटलो. मोजल्या, बावीस भरल्या. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली जिथे झाला ती जागा बघितली, जगदीश्वराला गेलो, समाधीपुढे बसलो.

परतताना हिरकणी बुरुजाकडे थांबलो. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. दूध घालायला गडावर आलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती रात्री कडा उतरून गेली असं सांगतात. आजींनी खाली वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी चौदा वर्षं दूध घातलं डेअरीला. माझ्याबरोबर कुणी कडा बघायला आलं नव्हतं. आज आल्यात बावीस.” आणि त्या दिवशी डबे राखायला आम्ही कुणालाच ठेवलं नव्हतं. ज्याचा डबा त्याच्या पाठीवर.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत सहलीचा विषय घ्या. पन्हाळा घ्या, सिंधुदुर्ग घ्या, तुमच्या जवळचा कुठलाही गड घ्या. पण नाव फळ्यावर लिहिण्याआधी गटातली सगळ्यात मोठी बाई शोधा आणि तिच्या शेजारी बसून विचारा. ती पहिल्यांदा “तुम्ही जा गं, माझं काय” म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.

भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.