माधवनगरात नव्याने आलात?

सांगलीच्या उत्तरेचं माधवनगर पूर्वी कॉटन मिलचं गाव म्हणून ओळखलं जाई. मिल बंद पडली, गाव नांदतं राहिलं. इथे नव्याने आला असाल, तर आधी सांगलीत कृष्णाकाठच्या गणपतीचं दर्शन घ्या. मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहा. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारे कारागीर भेटतील. उपचारांसाठीही मिरजेचा मोठा आधार आहे. मुलांना सागरेश्वर अभयारण्यातली हरणं दाखवा. नदीकाठी घर घेताना मात्र २०१९ च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना जरूर विचारा. पावसाळ्यात सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीकडे लक्ष ठेवा: ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. माधवनगरात आपलं मनापासून स्वागत!