गणित मुलाचं अडतं, बोल आईला का?

(अंगणवाडी सेविका व आशा ताईंच्या शिबिरातील भाषण)



अपुऱ्या दिवसांचं बाळ जगलं की घराला हायसं वाटतं. काचेची पेटी, नळ्या, रोजचं वजन हे सारं मागे पडतं आणि दवाखान्याचा कागद ट्रंकेत जातो. सात-आठ वर्षांनी तेच मूल वजाबाकीत अडतं, तेव्हा तो कागद कुणालाच आठवत नाही. मुलगा असेल तर 'आळशी', मुलगी असेल तर 'पोरींना कुठं गणित जमतं?' आणि दोन्ही वेळा खापर आईच्या माथी.

३७ आठवडे भरण्याआधीचा जन्म तो अपुऱ्या दिवसांचा. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मधल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत होता, पण इतर मुलांपेक्षा कमी होता. गणितातही ती मागे होती. दिवस अपुरे आणि पोटातली वाढही अपुरी, अशा मुलांचा बुद्ध्यंक सर्वांत कमी होता. जर्मनी आणि इंग्लंडमधल्या अभ्यासांतही हेच दिसतं: जन्म जितका लवकर, तितकी गणिताची अडचण अधिक.

असं का होतं? शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्यानं वाढत असतो, आणि नेमकं तेव्हाच ते बाहेर येतं. आता ४७ मध्ये ३८ मिळवून पाहा. आठ नि सात पंधरा, पाच मांडले, हातचा एक. तो हातचाच मनात टिकत नाही. आकड्याखाली आकडा मांडताना जागा चुकते, वेळ जास्त लागतो. पुष्कळदा संख्या कळत नाही असं नसतं, एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात धरणं जड जातं. अर्थात प्रत्येक मुलाचं असं होतंच असं नाही.

आणि आईचा दोष? कोवळ्या वयातलं लग्न, अंगात रक्त कमी, वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळं बाळ ही कारणं असतात. कित्येकदा कारण सापडतही नाही. यातलं बाईच्या हातात किती?

आपल्या हातात मात्र बरंच आहे. जन्माचे आठवडे आणि वजन लिहिलेला कागद जपायला सांगा. शाळेत नाव घालताना शिक्षकांना तो दाखवू द्या. चौकटीची वही, मोजायला चिंचोके, हातचा लिहून ठेवायची मुभा आणि थोडा जास्त वेळ, एवढ्यानंही पुष्कळ सोपं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची २०१३ पासून अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी असते. त्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. अडचण मोठी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे, हे लक्षात ठेवा.

गणितात नापास झाली म्हणून एखाद्या पोरीला शाळेतून काढायची बोलणी घरात सुरू होतील. त्या दिवशी तिच्या आईला ट्रंक उघडायला लावा, आणि कागद घेऊन तिच्यासोबत शाळेत जा.