गुजरी, भंगार आणि इंजिनिअरिंग

(बंगळुरूमधल्या मराठी विद्यार्थी-संशोधकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या पीएचडीबद्दल बोल. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर आहेत, मीही त्यातलीच. त्यामुळे सिद्धांतांची नावं घेऊन तुमची रविवारची दुपार खराब करणार नाही. माझा विषय असा आहे: बंगळुरूतले जुने ट्रक तोडणारे वाडे, लष्कराच्या लिलावातून आलेले सुटे भाग विकणारे दुकानदार आणि तिथे चाळीस-पन्नास वर्षं काम केलेल्या माणसांच्या आठवणी. कलासीपाळ्या, जेसी रोड, जॉली मोहल्ला, शिवाजीनगर या भागांत अडीच वर्षं फिरतेय. गाईडनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "यात समाजशास्त्र कुठे आहे?" आज त्याचंच उत्तर देते.

आधी एका शब्दाबद्दल. इथे भंगाराच्या बाजाराला 'गुजरी' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं, कारण कोल्हापूरची गुजरी म्हणजे सराफांची गल्ली. तिथे काचेच्या कपाटात सोनं, इथे तेलकट पोत्यावर गिअर. शब्द एकच, पण एका गुजरीत लोक चपला काढून गादीवर बसतात आणि दुसरीत जाताना नाकाला रुमाल लावतात. धातूलाही जात चिकटते, हे मला पुस्तकाआधी या शब्दाने शिकवलं. (आणि हो, शिवाजीनगरचं जुनं नाव ब्लॅकपल्ली. आपल्या मराठी माणसांना हे नाव ऐकून उगाच घरी आल्यासारखं वाटतं. मग आत गेल्यावर घरमालक विचारतो, "व्हेज की नॉनव्हेज?")

हा धंदा बंगळुरूतच एवढा का फोफावला? कारण हे शहर अर्धं छावणीचं आहे. 1809 साली इंग्रजांनी इथे कॅन्टोन्मेंट वसवलं. मद्रास सॅपर्स इथलेच, आर्मी सर्व्हिस कोअरचं केंद्र इथे, हलसूरला 515 आर्मी बेस वर्कशॉप. जिथे लष्कर वाहनं वापरतं तिथे ती मोडतातही, आणि मोडली की लिलाव होतो. 1940 साली वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली, तीच आजची एचएएल. महायुद्धात तो कारखाना अमेरिकी हवाई दलाची विमानं दुरुस्त करत होता.

याच एचएएलची एक गोष्ट माझ्या प्रबंधाच्या मध्यभागी आहे. युद्ध संपल्यावर परदेशी फौजा जाताना कानपूरला लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं टाकून गेल्या. पुन्हा उडू नयेत म्हणून ती मुद्दाम नादुरुस्त केलेली होती. म्हणजे सरळ मराठीत, भंगार. एचएएलच्या लोकांनी त्या ढिगातून चाळीसच्या आसपास विमानं निवडली, तिथल्या तिथे उडण्यापुरती जोडली आणि जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती बंगळुरूला उडवत आणली. इथे ती पूर्ण दुरुस्त झाली. 1948 च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली आणि ही विमानं 1968 पर्यंत देशाच्या सेवेत होती. एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, जे मिळत नाही ते घडवायचं. याला आपण अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणतो, आणि तो होताच.

आता तिथून शिवाजीनगरला या. तिथले एक उस्ताद आहेत, सत्तरी ओलांडलेली. ते दखनी बोलतात आणि मी मराठी वळणाचं हिंदी. त्यांचं 'नक्को' आणि माझं 'नको' यांत फरक नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी जमलं. ते मला बेटी म्हणतात, मी त्यांना उस्ताद. लष्करी ट्रक वाड्यात आला की ते आधी नंबरप्लेट बघायचे. लष्कराच्या गाडीवर बाणाची खूण असते आणि तिच्याशेजारचे दोन आकडे गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. त्यावरून आत कुठल्या काळातला गिअरबॉक्स असेल याचा अंदाज. मग हातोडीने हाउसिंगवर टिचकी. आवाज बद्द आला तर चीर गेलीय, खणखणीत आला तर विकायचं. शक्तिमानचे क्राऊन-पिनियन कुठल्या दुसऱ्या गाडीला थोडी घासाघीस करून बसतात, जोंग्याची कुठली नळी कशाला चालते, हे सगळं तोंडपाठ. एका शब्दाचाही कागद नाही. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, "लोहे ने."

शक्तिमान म्हटलं की मला माझे आजोबा दिसतात. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक 1959 च्या सुमारास जबलपूरला बनू लागला आणि लष्कराचा कणा झाला. आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, त्यांनी तो चालवला. नगरला घरी आले की घाटातल्या गोष्टी सांगायचे. मी हे उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी हिशोब केला, म्हणाले, "मग त्यांची एखादी गाडी मी कापली असेल." मला ते वाक्य आजही नीट झेपत नाही.

कारण लष्कराने फक्त गाड्या मोडीत काढल्या नाहीत, माणसंही काढली. तुम्हाला माहीत आहे, 1892 साली महारांची लष्करभरती बंद झाली. दापोलीसारख्या ठिकाणच्या पेन्शनर कुटुंबांतून जो शिकलेला वर्ग उभा राहत होता त्याची शिडीच काढून घेतली. गोपाळबाबा वलंगकरांचं 1894 चं विनंतीपत्र त्याविरुद्धच होतं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 ला 111 महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर 1921 ला मोडली. पुन्हा युद्ध आलं तेव्हा, 1 ऑक्टोबर 1941 ला, बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन. लागली की घ्या, भागलं की काढा. 'सरप्लस' हा शब्द मी अभ्यासात वापरते तेव्हा तो मला फक्त नटबोल्टचा वाटत नाही.

पण भंगाराच्या वाड्याला मी शोषितांचं स्वर्गीय विद्यापीठ वगैरे म्हणणार नाही. तिथेही पायऱ्या आहेत, आणि बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते बघायचं असेल तर एक ट्रक लिलावातून वाड्यात येईपर्यंत त्याच्यामागे चाला. सरकारी लिलावात बोली लावायला आधी अनामत रक्कम भरावी लागते, आणि माल लॉटमध्ये विकला जातो. तुम्हाला एक गिअरबॉक्स हवा असेल तरी वीस गाड्या उचला. त्यामुळे बोली लावणारा तोच, ज्याच्याकडे पिढीजात भांडवल आहे किंवा ज्याला जातवाले उधार देतात. त्याने लोखंडाला हात लावलेला नसतो. त्याच्याकडून वाडेवाला घेतो. मी फिरले त्या वाड्यांत तो बहुतेकदा मुसलमान. (मुसलमान म्हटलं की जात संपली असं समजू नका. कोण कुणाकडे मुलगी देतं हे विचारून बघा.) त्याच्याखाली उस्ताद, मग गॅस कटर चालवणारा, मग घण मारणारा, मग रायचूर-कलबुर्गीकडून आलेले हमाल. आणि सगळ्यात खाली, वाड्याच्या मागच्या बाजूला, बायका. त्या तांबं वेगळं करतात, अॅल्युमिनियम वेगळं, तारांवरचं रबर सोलतात. मी भेटले त्यांतल्या बऱ्याचजणी दलित, तमिळ किंवा तेलुगू बोलणाऱ्या. इंजिनाला हात लावायची परवानगी त्यांना नाही. उस्तादांना मी विचारलं, एखादी बाई कधी कटिंग शिकली का? ते गप्प बसले आणि चहा मागवला.

माझी आई नगरला तारा सोलायची. ब्लेडने. किलोवर पैसे. तांबं कुठलं शुद्ध आणि कुठल्यावर नुसता मुलामा आहे हे ती अंधारात, बोटाने ओळखायची. त्या ज्ञानाला उस्तादगिरीसुद्धा मिळाली नाही, इंजिनिअरिंग तर लांबच.

तोडलेल्या ट्रकचं पुढे काय होतं? चांगले भाग जेसी रोडच्या दुकानांत जातात. उरलेलं लोखंड भट्टीत जातं. पण स्प्रिंगचे पाटे सहसा भट्टीत जात नाहीत, ते लोहाराकडे जातात. आपल्याकडे घिसाडी समाजाची पालं रस्त्याकडेला दिसतात ना, भाता हलवणारी बाई आणि घण मारणारी बाई? ते पाट्याच्या पोलादाचेच कोयते घडवतात. तो कोयता घेऊन बीडची जोडपी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि इकडे कर्नाटकातही येतात. ट्रकखालून निघालेलं लोखंड भटक्याच्या हातातून ऊसतोड्याच्या हातात. या सगळ्या प्रवासात ते एकदाही वरच्या पायरीवर चढत नाही.

चढतं ते फक्त एका वाटेने. हौशी श्रीमंत माणूस जुनी विलीज किंवा जोंगा विकत घेतो, त्याच वाड्यातून भाग नेऊन ती उभी करतो आणि रविवारी कब्बन पार्ककडे फिरवतो. मग तिला 'व्हिंटेज' म्हणतात आणि मालकाला 'रिस्टोरर'. त्याच्या मुलाखती छापून येतात. भाग शोधून देणाऱ्याच्या दाराशी मात्र शहरात कुठेही गाडी चोरीला गेली की पोलीस येतात. चोरीच्या गाड्या गुजरीत येतच नाहीत असा माझा दावा नाही, येतात, आणि उस्तादही ते नाकारत नाहीत. पण चोरीचा माल विकणारे सगळ्याच बाजारांत असतात. आख्ख्या बाजारालाच चोर म्हणायची पद्धत काही ठरावीक बाजारांपुरतीच आहे.

आता ज्ञान आणि जीव यांच्याबद्दल एक गोष्ट, जरा लांबची. 2010 साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने एक जुनं यंत्र लिलावात काढलं. 1985 पासून ते पडून होतं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं आणि कामगारांनी तोडलं. आत कोबाल्ट-60 होतं, किरणोत्सारी. एक माणूस मेला, बाकीचे काहीजण हॉस्पिटलात. किरणोत्सार म्हणजे काय हे ज्यांना कळत होतं त्यांनी ते विकलं. ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं त्यांनी ते हाताने उघडलं. त्याआधी 2004 साली साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात केलेल्या लष्करी भंगारातले जिवंत गोळे फुटले आणि 10 कामगार गेले. आपण विद्यापीठात आहोत. आपल्या विभागाच्या मागच्या खोलीतलं जुनं सामान कुठे जातं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय? बंगळुरूच्या वाड्यात मी हे सांगितलं तेव्हा कटरवाल्या पोराने विचारलं, "वो किरण का बास आता क्या?" त्याला वास घेऊन धोका ओळखायची सवय. या धोक्याला वास नव्हता.

हे सगळं आत्ताच का सांगतेय? कारण हा बाजार आता कायद्याने मागे सारला जातोय. 2021 साली वाहन मोडीत काढण्याचं धोरण आलं आणि नियम झाले. नोंदणीकृत केंद्र, प्रदूषण होऊ न देता तेल-वायू काढण्याची यंत्रणा, गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द आणि त्या अशाच केंद्रात मोडायच्या. लष्कराच्या मोहिमांसाठीची खास वाहनं वगळली आहेत. मी या नियमांच्या विरोधात नाही. ज्या जमिनीवर चाळीस वर्षं काळं ऑइल ओतलंय तिथे पोरं खेळताना मी बघितली आहेत. जुन्या ब्रेक लायनरची धूळ, त्यातलं अॅस्बेस्टॉस, उस्तादांचा खोकला, हे सगळं बघितलंय. पण नियमात जमिनीचे, यंत्रांचे, कागदांचे निकष आहेत. पन्नास वर्षं हे काम केलेल्या माणसासाठी एक ओळ नाही. एचएएलने भंगारातून विमान उभं केलं तेव्हा ते करणाऱ्यांना नोकरी होती. गुजरीत तेच करणाऱ्याला आता गेटवर वॉचमन अडवणार.

पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीने 1993 पासून कचरावेचकांना, ज्यांत दलित बाया सर्वाधिक, संघटित करून ओळखपत्रं मिळवली. बंगळुरू महापालिकेनेही कचरावेचकांना कार्डं दिली. ट्रक कापणारा मात्र त्यात बसत नाही. तो कचरावेचक नाही, मेकॅनिक नाही, कारखान्याचा कामगारही नाही. तार सोलणारी बाई तर अजिबातच नाही. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीच अंगी असलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ते मिळालं म्हणजे केंद्रात नोकरी मिळेलच असं नाही, पण अर्जाला जोडायला काहीतरी होईल. शिवाजीनगर आणि जॉली मोहल्ल्यातल्या सत्तावीस जणांनी अर्ज करायचं ठरवलंय. त्यात नऊ बायका आहेत, त्यांची नावं यादीत घालायला दोन बैठका गेल्या.

अडचण अशी की प्रत्येकाच्या कामाचं वर्णन कागदावर लिहून द्यायचंय, आणि ते कन्नड किंवा इंग्रजीत हवंय. उस्ताद दखनीत सांगणार, मी मराठीत टिपणार, पुढे मी अडकते. इथे कन्नड लिहिता येणारे कोण आहेत? आणि मेकॅनिकल शिकलेलं कुणी असेल तर फारच बरं, कारण 'आवाज बद्द आला तर चीर गेलीय' हे त्यांच्या फॉर्मच्या भाषेत कसं लिहायचं मला माहीत नाही. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता शिवाजीनगर बसस्टँडच्या दारात भेटू. जुने कपडे घालून या, ऑइलचे डाग निघत नाहीत.

जय भीम.